हेइहे: पलीकडच्या काठाकडे डोळे लावून बसलेलं गाव

थंडगार_पुणेकर (धागाकर्ता)

इथे चीन म्हटलं की शांघाय, शेन्झेन आणि बुलेट ट्रेन हे ठरलेलं. त्यावर भरपूर लिहून झालंय, म्हणून मी नकाशाच्या पार वरच्या उजव्या कोपऱ्यातलं एक गाव घेतो. हेइहे. हेइलोंगजियांग प्रांताची उत्तर सीमा, समोर रशिया. भूगोलवाल्यांना हे नाव एका रेघेमुळे माहीत असतं. १९३५ साली हू हुआनयोंग या भूगोलतज्ज्ञाने इथपासून थेट नैर्ऋत्येला युन्नानमधल्या तेंगचोंगपर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि दाखवून दिलं की देशाची ९६ टक्के माणसं तिच्या आग्नेयेला, ३६ टक्के जमिनीवर दाटीवाटीने राहतात. (तेंगचोंगही सीमेवरचंच, म्यानमारच्या. तिथे जेडचा धंदा. तो वेगळा धागा होईल.)

माझा संबंध आला तो थंडीमुळे. आमचं काम गाड्यांच्या ब्रेकचं, आणि ब्रेक बर्फावर कसे वागतात हे पुण्यात कळायची सोय नाही. हेइहेच्या आसपासची तळी हिवाळ्यात इतकी घट्ट गोठतात की त्यावर ट्रक चालतो. त्यामुळे चीनमधल्या मोटार कंपन्या आणि सुटे भाग बनवणारे दर हिवाळ्यात इथे तळ ठोकतात. काळ्या-पांढऱ्या नक्षीचं आवरण चढवलेल्या, अजून बाजारात न आलेल्या गाड्या गावात बिनधास्त फिरत असतात. तळ्यावरचा भुसभुशीत बर्फ काढून, पाणी मारून, काचेसारखा गुळगुळीत ट्रॅक तयार करणं हा इथला हंगामी धंदा आहे. हॉटेलं, गॅरेजं, ड्रायव्हर, जेवणाचे डबे, सगळं त्यावर चालतं. पण हा धंदा अलीकडचा. गाव वाढलं ते नदीमुळे.

नदी म्हणजे आमूर. गावापाशी पात्राची रुंदी पाऊण किलोमीटरच्या आतबाहेर. पलीकडे ब्लागोव्हेश्चेन्स्क, रशियाच्या आमूर प्रांताची राजधानी. वस्ती दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास, हेइहे शहरही साधारण तेवढंच. (एवढं लांब नाव पुन्हा पुन्हा टंकणार नाही, यापुढे 'ब्लागो'.) तिकडचं घड्याळ एक तास पुढे. इकडे सगळ्या देशाला बीजिंगचीच वेळ, त्यामुळे जूनमध्ये सूर्य पहाटे साडेतीनच्या आतच उगवतो आणि डिसेंबरात दुपारी साडेतीनला मावळतो. दुपारचा चहा घ्यायला बाहेर पडावं तर दिवे लागलेले.

साठच्या दशकात सोव्हिएत संघाशी बिनसलं आणि ही नदी बंद झाली. व्यापार परत सुरू झाला तो ऐंशीच्या दशकात, आणि त्याची कथा गावात अजून कौतुकाने सांगतात. १९८७ साली हेइहेहून २०८ टन कलिंगडं पलीकडे गेली आणि बदल्यात ३०६ टन युरिया आला. पैशाची देवघेव नाही, निव्वळ वस्तुविनिमय, कारण ना यांना रूबलचा उपयोग ना त्यांना युआनचा. तिकडे ताजी फळं, कपडे, थर्मास मिळायची मारामार. इकडे खत, लाकूड, पोलाद हवं होतं. पुढच्याच वर्षी एका दिवसाच्या सहली सुरू झाल्या. १९९२ मध्ये बीजिंगने हेइहे, सुइफेनहे, हुनचुन आणि मांझौली ही चार सीमावर्ती शहरं व्यापाराला खुली केली, आणि मग धरण फुटल्यासारखी माणसं आली.

सोव्हिएत संघ कोसळला होता, पगार वेळेवर होत नव्हते. शिक्षिका, इंजिनिअर, नर्स अशी शिकलेली माणसं चौकड्यांच्या मोठाल्या प्लॅस्टिक पिशव्या घेऊन नदी ओलांडायची, जॅकेट-बूट-चादरी भरून न्यायची आणि तिकडच्या बाजारात विकायची. रशियन माणसाला स्वतःच्या वापरासाठी म्हणून आठवड्याला ५० किलोपर्यंत माल बिनशुल्क नेता यायचा. व्यापाऱ्यांनी त्यातून वाट काढली आणि माणसंच भाड्याने घेतली. तिकीट आमचं, जेवण आमचं, वर थोडे पैसे, तू फक्त तुझ्या नावावर पिशव्या पलीकडे ने. पेन्शनर, विद्यार्थी, बेकार, सगळे त्यात. म्हणजे कागदावर प्रवासी, प्रत्यक्षात कंटेनर.

गावाने स्वतःला त्या गिऱ्हाइकाच्या मापाने बेतून घेतलं. दुकानांच्या पाट्या रशियनमध्ये, दुकानदारांनी वास्या, साशा, नताशा अशी नावं घेतलेली, हाक मारायची ती "द्रूग" म्हणजे मित्रा. कपड्यांच्या दुकानाशेजारी चष्म्याचं दुकान, त्याच्या वर दाताचा डॉक्टर, कारण रशियन माणूस एकाच फेरीत कोट, चष्मा आणि कवळी तिन्ही उरकून जातो. नदीतल्या मोठ्या हेइहे बेटावर खास व्यापारासाठी बाजारसंकुल बांधलं.

या गावाची दुखरी नस हीच आहे की त्याचं नशीब गावात ठरत नाही. १९९४ मध्ये रशियाने व्हिसाचे नियम आवळले, बाजार ओस. २००६ मध्ये आठवड्याच्या ५० किलोंचे महिन्याला ३५ किलो झाले. २०१४ मध्ये रूबल वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आला आणि उलटीच गंमत झाली: रशियन गिऱ्हाईक आटलं आणि हेइहेतले लोक स्वस्त झालेलं चॉकलेट, पीठ, तेल आणायला पलीकडे जायला लागले. २०१९ मध्ये जमिनीवरून जाणाऱ्याला २५ किलो आणि ५०० युरो ही मर्यादा आली. आणि २०२० च्या सुरुवातीला महामारीत प्रवाशांसाठी नदी बंद झाली, ती तीन वर्षं. २०२१ च्या शरदात इथे साथ आली तेव्हा प्रशासनाने संसर्ग कुठून आला याचा दुवा देणाऱ्याला एक लाख युआनचं बक्षीस लावलं होतं. संशय होता तस्करी, चोरटी शिकार आणि नदीतल्या चोरट्या मासेमारीवर. सीमा बंद असताना गावाकडे कसं पाहिलं जात होतं ते यावरून कळतं.

आता गंमत पाहा. ज्या काळात बाजार बंद होता, त्याच काळात आकड्यांतला व्यापार फुगला. डिसेंबर २०१९ मध्ये सैबेरियाचा गॅस याच हेइहेपाशी नदीखालून चीनमध्ये यायला लागला. क्षमता वर्षाला ३८ अब्ज घनमीटर. नदीवरचा पूल २०१९ मध्येच जोडून झाला होता, तो १० जून २०२२ ला मालवाहतुकीला खुला झाला. करार झाला होता १९९५ मध्ये, म्हणजे एका किलोमीटरच्या पुलाला सत्तावीस वर्षं! पूल आहे गावाबाहेर. ट्रक येतात, पुलावर चढतात, जातात. गॅस तर दिसतही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पिशवीवाला व्यापार गावात थांबायचा, जेवायचा, मुक्काम करायचा, दात बसवून घ्यायचा. हा नवा मोठा व्यापार गावाच्या डोक्यावरून आणि पायाखालून जातो. २०१० च्या जनगणनेत हेइहे जिल्ह्याची वस्ती १६ लाख ७० हजारांच्या वर होती, २०२० मध्ये १२ लाख ९० हजारांच्या आत. सगळा दोष व्यापाराचा नाही, सगळ्या ईशान्य चीनचीच तरुण माणसं दक्षिणेला चालली आहेत. पण व्यापाराने त्यांना थांबवलंही नाही.

बाकी तपशील विचाराल तसे प्रतिसादांत देतो.

---

खवचट_काकू

सगळं लिहिलंस, खाण्याचं काही नाही? उणे तीसमध्ये माणसं खातात काय? आणि तू शाकाहारी ना रे?

---

थंडगार_पुणेकर

काकू, पुण्यातून निघताना होतो. :) तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. सकाळच्या बाजारात तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या, सोयाच्या दुधाचा मऊ दहीवजा प्रकार, मक्याची पेज, वाफवलेले पाव. दुपारी बटाटा-वांगं-मिरचीची भाजी, ती हेइलोंगजियांगची खासियतच आहे. रशियन पद्धतीचा मोठा गोल पाव आणि क्वास (पावापासून आंबवलेलं पेय) हेही या प्रांतात घरचंच झालंय.

फ्रीज मात्र रस्त्यावरच असतो. आइस्क्रीमची खोकी फुटपाथवर उघडी मांडलेली, मासे काठीसारखे उभे रचलेले. आणि काळी पडलेली गोठलेली पेअर मिळतात, ती गार पाण्यात ठेवून मऊ झाली की चोखून खायची. गोड असतात. दिसायला भयंकर.

---

आमूरकाठचा_वैद्य

दादा, हा धागा बघून उडालोच. मी पलीकडच्या काठावर राहतो! ब्लागोच्या अमूर स्टेट मेडिकल अकॅडमीत एमबीबीएस करतोय. मूळ गाव बीड जिल्ह्यातलं. इथे भारतातली बरीच मुलं आहेत, मराठीही आहेत.

इकडून काय दिसतं ते सांगतो. संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्यावर फिरायला गेलं की समोर अख्खं हेइहे रोषणाईने झगमगतं. इकडचे म्हातारे सांगतात की त्यांच्या लहानपणी शहर इकडे होतं आणि तिकडे खेडं. आता उंच इमारती तिकडे जास्त. काही रशियन म्हणतात तो सगळा आम्हाला दाखवायचा देखावा आहे, मागे काही नाही. पण म्हणणारेच शनिवारी बोटीच्या रांगेत असतात.

नदी ओलांडायची पद्धत ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात बोट. बर्फ पक्का झाला की तरंगत्या पुलावरून बस. आणि मधले जे दिवस असतात, शरदात पाणी धड वाहत नाही धड गोठत नाही तेव्हा आणि वसंतात बर्फ फुटतो तेव्हा, हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणारी बोट. आवाज असा की वर्गात बोललेलं ऐकू येत नाही. तिकिटावरून रशियन लोक सतत कुरकुरतात, एवढ्याशा अंतराला इतके पैसे कशाला म्हणून. केबल कारही बांधायला घेतलीय.

आम्हाला मात्र सरळ उठून जाता येत नाही. भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा लागतो, आणि रशियात परत येण्याचा परवानाही आधी बघावा लागतो. त्यामुळे वर्गातली रशियन मुलं सकाळी जाऊन नाश्ता करून येतात आणि आम्ही काठावरून फोटो काढतो.

---

खवचट_काकू

नाश्त्यासाठी परदेशात! आणि आम्ही डेक्कनवरून कोथरूडला जायचं म्हटलं तरी विचार करतो. बाळा, जपून राहा, टोपी घाल.

---

सोयाबीनवाला_लातूर

धागा आवडला. माझा प्रश्न सरळ आहे. आमूर प्रांत हा रशियाचा सोयाबीनचा पट्टा आहे असं आमच्या इथे आडतीवर ऐकलंय. चीन जगातलं सगळ्यात जास्त सोयाबीन घेतो. मग नदीपलीकडचा शेतकरी तर सोन्याच्या खाणीवर बसला असेल? इथे लातूरला हमीभावाच्या खाली विकायची वेळ येते, म्हणून विचारतो.

---

थंडगार_पुणेकर

लातूरकर, ऐकलंय ते खरं आहे, पण सोन्याची खाण म्हणता येणार नाही.

चीनची सोयाबीनची आयात वर्षाला दहा कोटी टनांच्या घरात जाते. ती मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेची, जहाजाने दक्षिणेच्या बंदरांत. रशियाचा वाटा त्यात चिमूटभर. २०१९ च्या जुलैपर्यंत तर रशियाच्या मोजक्याच प्रांतांतून सोयाबीन घ्यायची परवानगी होती, आमूर त्यांत होता. मग अमेरिकेशी २०१८ पासून पेटलेल्या शुल्कयुद्धात चीनने सगळ्या रशियाला दार उघडलं. तोवर रशियालाच वाटलं की आपल्या तेलगिरण्यांना माल कमी पडतोय. २०२१ मध्ये निर्यातशुल्क लावलं, आधी ३० टक्के, नंतर २०. म्हणजे शेजारी हवरट गिऱ्हाईक आणि मध्ये स्वतःच्याच सरकारची भिंत. ओळखीचं वाटतंय ना?

दुसरं असं की नदीच्या अलीकडेही सोयाबीनच आहे. हेइहे जिल्हा चीनच्या मोठ्या सोयाबीन उत्पादकांपैकी एक. दोन्हीकडे जनुकबदल न केलेलं वाण, खायच्या उपयोगाचं, टोफू-दुधासाठी. ब्राझीलचं बरंचसं गाळपाला जातं. त्यामुळे त्याचा बाजार वेगळा, भाव थोडा बरा, पण मागणी मर्यादित.

---

सोयाबीनवाला_लातूर

ओळखीचंच. आपल्याकडे सोयाबीनला वाचवायचं तर तेलाच्या आयातीवर शुल्क वाढवा म्हणतो आम्ही, आणि शहरातले म्हणतात तेल महाग झालं. धन्यवाद, सविस्तर सांगितलंत.

---

इतिहासाचा_किडा

व्यापाराबरोबर नदीचा इतिहासही यायला हवा, म्हणून थोडं अवांतर.

हेइहेच्या खाली, नदीकाठीच, आयगुन नावाचं जुनं गाव आहे. १८५८ मध्ये तिथे झालेल्या तहाने आमूरच्या उत्तरेचा सुमारे सहा लाख चौरस किलोमीटर मुलूख चीनच्या छिंग साम्राज्याकडून रशियाकडे गेला. चिनी शाळांत असमान तहांच्या धड्यात हे नाव पाठ करून घेतात. ब्लागो हे शहर उभं राहिलं तेही त्याच सुमारास.

त्याहून वाईट १९०० चं. बॉक्सर उठावाच्या (चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बंडाच्या) वेळी ब्लागोतल्या चिनी रहिवाशांना नदीकाठी हाकत नेलं आणि पाण्यात उतरायला लावलं. जे उतरले नाहीत त्यांना मारलं, जे उतरले त्यातले बहुतेक बुडाले. मेलेल्यांची संख्या हजारांत. आयगुनच्या संग्रहालयात या प्रसंगाचं मोठं दृश्य मांडलं आहे. तिथे रशियन पर्यटकांना प्रवेश देत नाहीत असं पत्रकारांनी लिहिलं आहे. म्हणजे एका गावात "द्रूग, द्रूग" करत कोट विकायचे आणि जवळच्याच दुसऱ्या गावात त्याच गिऱ्हाइकाला दाराबाहेर ठेवायचं. मला यात ढोंग दिसत नाही. पोट आणि स्मरण वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची ही सोय आहे.

---

उरणचा_एजंट

मी न्हावा-शेवा बंदरावर कस्टम क्लिअरन्सचं काम करतो. दोन गोष्टी.

पहिली: पुणेकरांचं "मोठा व्यापार डोक्यावरून जातो" हे मला अर्धंच पटलं. आमच्या उरणला १९८९ मध्ये बंदर आलं तेव्हाही हेच म्हणत होते, कंटेनर येणार आणि जाणार, आपल्याला धूळ. धूळ मिळालीच, शेती गेली, मासळी कमी झाली, पण यार्डं, गोदामं, ट्रक दुरुस्ती, कागदपत्रांची कामं, हॉटेलं हेही आलं. माझं घर त्यावर चालतं. पूल झाल्यावर हेइहेतही क्लिअरिंगवाले, शीतगृहं, ट्रकवाल्यांची खानावळ होणारच. दुकानदाराचं पोट गेलं म्हणून गावाचं गेलं असं नाही.

दुसरी: पूल असला तरी मोठा माल रेल्वेने जातो, आणि हेइहेला रुळांचा पूल नाही. मांझौली, सुइफेनहे आणि २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला तोंगजियांगचा रेल्वेपूल, जड माल तिकडून. त्यामुळे हेइहेच्या वाट्याला ट्रकचा माल, भाजीपाला, यंत्रं, गाड्या. तुम्ही गाडीवाले, तर रशियात गेलेल्या चिनी गाड्यांबद्दल लिहा की.

आणि एक ऐकलेलं विचारतो: सीमेवरच्या माणसाला रोज आठ हजार युआनचा माल बिनशुल्क, हे खरं का?

---

थंडगार_पुणेकर

खरं आहे, आणि ते मूळ लेखात यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. सीमेपासून २० किलोमीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ठरवून दिलेल्या बाजारातून माणशी दिवसाला ८,००० युआनपर्यंतचा माल आयातशुल्काशिवाय घेता येतो. २००८ पर्यंत ही मर्यादा ३,००० होती. मुळात सोय गरिबांच्या घरखर्चासाठी. पण रोज आठ हजारांचं रशियन पीठ आणि तेल खाणार कोण? म्हणून मग सीमेवरच्या बाजारांत गावकऱ्यांच्या सहकारी संस्था निघाल्या. शेकडो जणांचे कोटे एकत्र करून टनावारी माल घ्यायचा आणि प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला द्यायचा. गावकऱ्याने ओळख पटवून सही करायची, थोडं कमिशन घ्यायचं. सरकारनेही त्याला नियमांत बसवून घेतलं, म्हणजे कारखाने सीमेवर येतील. थोडक्यात नव्वदच्या दशकात रशियन माणूस आपलं वजन भाड्याने देत होता, आता चिनी माणूस आपला पत्ता भाड्याने देतो.

गाड्यांचं: २०२२ नंतर पाश्चात्त्य, जपानी, कोरियन कंपन्या रशियातून निघाल्या आणि ती जागा चिनी गाड्यांनी घेतली. २०२३ मध्ये चीन जगातला सगळ्यात मोठा मोटार निर्यातदार झाला, त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रशिया. हेइहेच्या पुलावर नवे कोरे ट्रक स्वतःच्या चाकांवर पलीकडे जायचे. मग १ ऑक्टोबर २०२४ पासून रशियाने भंगारशुल्क (गाडी पुढे मोडीत काढण्याच्या नावाने आधीच घेतात ते) भरमसाट वाढवलं. पुन्हा तेच, निर्णय मॉस्कोत, परिणाम इथे.

तुमचा उरणचा मुद्दा मान्य, पण एक फरक बघा. न्हावा-शेव्याचा माल तिथे जहाजावरून उतरतो, उघडतो, तपासला जातो, दुसऱ्या वाहनावर चढतो. इथे पुष्कळ ट्रक आधीच सील होऊन येतात आणि सरळ जातात. पुलाचा टोलही सुरुवातीला ट्रकमागे साडेआठ हजार रूबलांच्या वर होता. तो काही हेइहेच्या खानावळवाल्याच्या गल्ल्यात पडला नाही.

---

उरणचा_एजंट

सील असो नसो, कागद कोणीतरी करतंच. :) पण भाड्याने पत्ता देण्याचं भारीच.

पैशाचं मी सांगतो, कारण ते आमच्या धंद्यात बोललं जातं. माल पाठवणं सोपं, पैसे मिळवणं अवघड. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने रशियाशी व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांवर निर्बंधांची धमकी दिली आणि चीनच्या मोठ्या बँकांनी हात आखडते घेतले. मग कामाला आल्या सीमेवरच्या छोट्या बँका, ज्यांचं डॉलरशी देणंघेणं नाही. त्यातली एक हेइहे ग्रामीण व्यापारी बँक. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर आणि सुइफेनहेच्या अशाच एका बँकेवर निर्बंध लादले. त्याला उत्तर म्हणून चीनने ऑगस्टमध्ये लिथुआनियाच्या दोन बँकांवर निर्बंध घातले. तालुक्याच्या बँकेवरून ब्रसेल्स आणि बीजिंग भांडतात, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

---

सह्याद्रीचा_वारा

हे सगळं वाचून आपल्या नथू ला ची आठवण येते. आपण का नाही करत असं? तिथेही बाजार आहे ना?

---

इतिहासाचा_किडा

आहे, पण तुलना फार ताणू नये. नथू ला २००६ च्या जुलैत व्यापाराला उघडली. आपल्या बाजूला शेराथांगला बाजार, तिबेटच्या बाजूला रिंचेनगांगला. काय विकायचं त्याची ठरलेली छोटी यादी, परवाना स्थानिकांनाच, आणि हंगाम उन्हाळा-पावसाळ्याचे महिने. २०२० मध्ये ती बंद झाली. लिपुलेख, शिपकी ला आणि नथू ला पुन्हा उघडायचं २०२५ च्या ऑगस्टमध्ये ठरलं. हेइहेला दोन शहरं आमनेसामने आहेत, लाखोंची गिऱ्हाइकी आहे. नथू लाला चौदा हजार फुटांवर खिंड आहे आणि आसपास बहुतेक सैनिक. शिवाय रशिया-चीनने त्यांची सीमा २००८ पर्यंत करारांनी पक्की करून घेतली. आपली अजून आखायची आहे.

---

सह्याद्रीचा_वारा

बरोबर. सीमेची रेघ पक्की नसेल तर दुकान टाकायचं कुठे.

---

आमूरकाठचा_वैद्य

पुन्हा मीच. सप्टेंबर २०२५ पासूनचं चित्र सांगतो, कारण दादांच्या लेखात ते आलेलं नाही. १५ सप्टेंबरपासून चीनने रशियन लोकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय यायची मुभा दिली, आधी गटाने जावं लागायचं. १ डिसेंबरपासून रशियाने चिनी लोकांना तीच सोय दिली. दोन्ही सुरुवातीला २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत ठरल्या होत्या.

त्याने इकडे काय झालं तर पिशव्या लहान झाल्या. माझी घरमालकीण पूर्वी कोट-बूट आणायची, आता ती सगळी खरेदी ऑनलाइन करते, तोच चिनी माल घरपोच येतो. हेइहेला ती जाते ती दातांसाठी, नखं रंगवायला, उकळत्या कढईभोवती बसून खायला आणि मैत्रिणींबरोबर एक रात्र राहायला. म्हणजे गर्दी परत आलीय, पण कपड्यांच्या दुकानांत नाही. तिच्या ओळखीच्या एका दुकानदारीणबाईने कोटांचा अर्धा गाळा बंद करून तिथे मालिशच्या खुर्च्या टाकल्यात.

उलट दिशेने चिनी पर्यटक येतात. लेनिनच्या पुतळ्यापुढे फोटो, आइस्क्रीम, मध, जांभळ्या कागदातलं चॉकलेट. किराणा दुकानांत आता किमतीच्या पाट्या चिनीतही आहेत.

---

थंडगार_पुणेकर

वैद्यबुवा, ही माहिती माझ्याकडे नव्हती, आभार. मी असतो हिवाळ्यात आणि बराच वेळ तळ्यावर, त्यामुळे बाजारातला हा बदल नीट दिसला नाही. चॉकलेटचं मात्र जपून. 'रशियन माल' म्हणून दुकानं गेल्या काही वर्षांत चीनभर फुटली आणि त्यातला बराच माल चीनमध्येच बनलेला निघाला, शांघायमध्ये तर तपासण्या झाल्या. हेइहेत घेताना मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

उरणच्या एजंटसाहेबांच्या मुद्द्याला धरून एक विचारतो. तुझी घरमालकीण जे ऑनलाइन मागवते, ते कोणत्या वाटेने येतं? हेइहेच्या पुलावरून ट्रकने, की सुइफेनहे-व्लादिवोस्तोककडून? पार्सलवर कुठला तरी शिक्का असेल. कारण हेइहेत पार्सल छाटून गाड्यांत भरणारी गोदामं उभी राहिली असतील तर मला माझं "डोक्यावरून जातो" थोडं मागे घ्यावं लागेल.

---

आमूरकाठचा_वैद्य

बघून सांगतो. तिचं एक पार्सल आत्ता दारातच पडलंय, पण त्यावरचं सगळं चिनीत आहे. उद्या वर्गातल्या कोणाकडून वाचून घेतो.

---

खवचट_काकू

फोटो टाक की इथे, पुणेकराला येतं चिनी. आणि पत्ता झाकून टाक हं.